सीटची पाठ

१

एराक्लिओ मास्तरांच्या दुकानात सकाळची कॉफी संपायच्या आत एक खेळ व्हायचा. आदल्या दिवशी आलेल्या गाडीची सीट टेबलावर ठेवायची, आणि ज्याने मालकाचं तोंड पाहिलेलं नाही त्याने नुसती सीट बघून मालक कसा आहे ते सांगायचं. हरला तर दुपारी सगळ्यांना त्याने चिंचेचं सरबत पाजायचं. सीमेलगतच्या या तिहुआना शहरात सीटचं काम गल्लोगल्ली चालतं, पण सीट वाचता येणारं दुकान आपलं एकच, असं मास्तर म्हणत. समोरच्या दुकानातले मास्तरही हेच म्हणत असणार, असं त्यांच्या सुनेला, नेरेइदाला, वाटे. पण लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, त्यामुळे असल्या गोष्टी ती मनातच ठेवी.

त्या सोमवारी टेबलावर जुन्या, लांबलचक अमेरिकन गाडीची चालकाची सीट होती. रंग काळपट लाल. पाठ बुटकी, डोकं टेकायची उशी नसलेली. चामडं वाळल्या मिरचीसारखं सुरकुतलेलं.

"बोला, सूनबाई," चातो म्हणाला. चातो म्हणजे नकटा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. सव्वीस वर्षं तो या दुकानात फोम भरत होता आणि स्वतःला अर्धा मालक समजत होता. "आज घसा कोरडा पडलाय. लवकर हरा."

नेरेइदा सीटभोवती एकदा फिरली. डावी कड जास्त झिजलेली होती, पण घासून नाही, दाबून. "बाई आहे," ती म्हणाली. "ठेंगणी. स्कर्ट घालते, जीन्स नाही, नाहीतर खिशाच्या बटणांचे ओरखडे दिसले असते. सीट पार पुढं ओढून चालवते. आणि एकटीच फिरते."

"एकटी कशावरून?"

"बाहेर गाडीत शेजारच्या सीटवर बघा. पर्सचा चौकोन उमटलाय, माणसाचा नाही."

तिचा नवरा लाउरो दाराशी उभा राहून हसत होता. गाडी त्यानेच ताब्यात घेतली होती, म्हणून तो खेळात नव्हता. "दोन्या ओब्दुलिया. सीमेपलीकडे राहतात. सत्तरीच्या असतील. उंच टाचांच्या चपला घातल्या तरी माझ्या खांद्याला लागत नाहीत. आणि हो, एकट्याच आल्या होत्या." मोठ्या वयाच्या बाईला तिथे मानाने 'दोन्या' म्हणत.

चातोने कपाळाला हात लावला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि सुनेकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नेरेइदाचे वडील टेकातेत खोगिरं शिवायचे. चामड्याशी तिचं नातं नवऱ्याशी जुळण्याच्या पुष्कळ आधीचं होतं. पण या दुकानात तिच्या वाट्याला आले होते ते धागे कापणं, जमिनीवर सांडलेल्या तारेच्या कड्या गोळा करणं आणि सगळ्यांसाठी टाको आणणं.

"ही सीट तू करायची," मास्तर म्हणाले. "एकटीनं. कुणी हात लावणार नाही. शनिवारी बाई समाधानानं गाडी घेऊन गेल्या तर खिडकीजवळचं मशीन तुझं. नाहीतर धागे कापायला आहेसच."

खिडकीजवळचं मशीन म्हणजे दुकानातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मानाचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे बसलेला माणूस दिसतो. मास्तरांचा हात थरथरायला लागल्यापासून दोन वर्षं त्याच्यावर कापड झाकलेलं होतं. ते मशीन चातोनेही कधी मागितलं नव्हतं, म्हणजे मनात मागितलं असेल, पण बोलला नव्हता.

"बरं, मास्तर," नेरेइदा म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

२

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर तिने सीट उलटी फिरवली.

बुटक्या पाठीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळहाताएवढे दोन पट्टे होते. तिथला रंग पार उडून आतलं फिकं चामडं दिसत होतं, आणि ते इतकं घासलेलं होतं की गुळगुळीत झालं होतं. खाली, मध्यावर, दोन खळगे. गुडघ्यांएवढे.

मागच्या सीटवर बसणारा माणूस उतरताना पुढच्या सीटला धरून उठतो. पण तो दाराकडच्याच कोपऱ्याला धरतो, दोन्हींना नाही. लहान मूल असेल तर बुटांच्या टाचांचे काळे फराटे हवेत. कुत्रा असेल तर नख्या. इथे यातलं काही नव्हतं. कुणीतरी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी सीटला धरून, वर्षानुवर्षं तसंच राहिलं होतं.

ती बाहेर गाडीपाशी गेली आणि मागचं दार उघडून सीट बघितली. ती कोरी होती. बसलं तर कुरकुरेल इतकी कडक. तिच्यावर एकही सुरकुती नव्हती.

नेरेइदाने दार लावलं. मग तिने स्वतःलाच बजावलं की दुकानातला सगळ्यात हुशार माणूस होण्याची घाई बरी नव्हे. जुनी गाडी. सीटा बदललेल्या असतात. कुठल्या भंगारातून आलेली सीट असेल, कुणी सांगावं.

बुधवारी रंग जुळवायच्या आधी तिने बाईंना फोन केला.

"रंग मूळचाच ठेवायचा ना, दोन्या ओब्दुलिया?"

"मूळचाच ठेव, मुली. माझ्या नवऱ्यानं निवडलेला. तो गेला त्याच वर्षी गाडी आली बघ. तेव्हापासून मीच चालवते."

म्हणजे सीट बदललेली नव्हती. नेरेइदाने जीभ ओठांवरून फिरवली. "मागे कोण बसतं?"

"कुणी नाही."

पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"आणि हे बघ," बाई म्हणाल्या, "पुढचंच कर हं. पाठीला हात नको लावूस. आहे तशी राहू दे."

"बरं," नेरेइदा म्हणाली.

पण त्या 'बरं'ला काही अर्थ नव्हता, आणि हे दुकानातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते, पाववाला तेरावा पाव देतो, तशी मास्तरांची रीत होती. गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढं करायचं आणि न सांगितलेलं एक काम वर घालायचं. विशेषतः न दिसणारं. पुढून नवी आणि मागून फाटकी सीट या दारातून कधी बाहेर गेली नव्हती. गिऱ्हाईक नको नको म्हणतं, ते खर्चाच्या भीतीने किंवा भिडेने. मग शनिवारी येतं, मागे वळून बघतं आणि त्याचे डोळे भरून येतात. ते भरलेले डोळे हीच मास्तरांची जाहिरात होती.

पाठ तशीच सोडली तर मास्तर काय म्हणतील, हे तिला ऐकूही येत होतं.

३

पुढची बाजू तिने अशी केली की चातो दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने टेबलाजवळून गेला.

साबण आणि मऊ ब्रशने चाळीस वर्षांचा मळ काढला. भेगांमध्ये पातळ लुकण भरून, वाळवून, बारीक कागदाने घासलं, पुन्हा भरलं. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून ओवून घेतली, म्हणजे चामड्याला नवी जखम नको. बसून बसून दबलेल्या फोमला वाफ दिली, तसा तो हळूहळू फुगून वर आला. रंग तिने सीटच्या खालच्या, ऊन न लागलेल्या घडीवरून जुळवला. पाच वेळा फसला, सहाव्यांदा असा बसला की कुठे जुनं संपतं आणि नवं सुरू होतं ते तिचं तिलाच सापडेना.

"खोगीरवाल्याची पोर," चातो पुटपुटला. त्याच्या तोंडून ही शिवी होती की शाबासकी, हे त्यालाही ठरवता आलं नसावं.

मग तिने पाठ घेतली. दोन्ही पट्टे भरले, दोन्ही खळग्यांना वाफ दिली, सगळ्यावर तोच रंग मारला. बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करताना पाठ तळहातासारखी सपाट होती. तिने सीटवर स्वच्छ कागद घातला, कडेने चिकटपट्टी लावली आणि घरी जाऊन नवऱ्याला इतकं काही सांगितलं की लाउरो म्हणाला, "तू इतकं बोलतेस हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं."

गुरुवारी सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. कागदाला चुणी नव्हती. तिने कागद काढला.

वरच्या दोन्ही कोपऱ्यांतला रंग गेला होता. सोलला नव्हता, पोपडा नव्हता. घासून गेला होता. कागदाच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपकाही नव्हता.

४

कारणं तिला पुष्कळ सापडली. चामड्यात मुरलेलं हाताचं तेल नीट निघालं नसेल, मग रंग धरत नाही. समुद्रावरून दमट हवा आली असेल. लुकण कच्चं राहिलं असेल. कारण सापडलं की तिला बरं वाटे, पण ते कोपऱ्यांकडे बघेपर्यंतच. कच्चा रंग कुठेही जातो. तो मोजून दोन हातांच्या जागी जात नाही.

तिने मास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते उठून आले असते, स्वतः हात घातला असता, आणि मग ती सीट तिची एकटीची राहिली नसती. तिने स्पिरिटने दोन्ही कोपरे तीनदा पुसले, खरवडले, पुन्हा भरले, पुन्हा रंगवले.

दुपारी मंडळी कोपऱ्यावर मासळीचे टाको खायला गेली. "चल की," लाउरो म्हणाला.

"बसून बघते आधी. फोम नीट बसलाय का ते."

"आमच्या मास्तरांसारखीच झालीस. जेवणापेक्षा सीट गोड."

सीट लोखंडी चौकटीवर बसवलेली होती. दुकानाचं शटर पूर्ण वर होतं, बाहेर लख्ख ऊन होतं, बस जात होत्या, पलीकडच्या दुकानात कुणीतरी शीळ घालत होतं. नेरेइदा सीटवर बसली. फोमने तिला छान उचलून धरलं. पाठ सरळ, मांड्यांना आधार. तिने डोळे मिटले आणि खिडकीजवळच्या मशीनवर आपण बसलो आहोत असं क्षणभर मानलं.

मागे चामडं करकरलं. माणूस वजन या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर घेतो, तसा तो आवाज.

मग तिच्या पाठीला, कमरेच्या जरा वर, दोन ठिकाणी काहीतरी लागलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. हळूच, सवयीने. फोमच्या आतून ते तिच्याकडे दाबलं गेलं आणि तिथेच राहिलं.

वाफ दिलेला फोम थंड होताना आखडतो, असं चातो नेहमी सांगायचा. तिने ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. समोर भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, त्यातल्या तारखा तिने एकेक करून वाचल्या. मागे वळून बघायला मान पुरेशी होती. पण मान काही वळली नाही.

कोपऱ्यावरून चातोचं हसणं ऐकू आलं, तसं दाबलेलं ते सुटलं. ती उठली, सीट फिरवून बघितली. खळगे परत आले होते. कोपरे पुन्हा फिके.

"काय गं, घाम केवढा आलाय," लाउरोने टाको तिच्या हातात ठेवला.

"ऊन आहे," ती म्हणाली.

५

शुक्रवारी मास्तर स्वतः टेबलाशी आले. पुढची बाजू त्यांनी बोटांनी, मग डोळे मिटून बोटांनी, मग गालाने तपासली. मग म्हणाले, "पाठ?"

"आज पूर्ण करते."

"वर घालायचं काम घाईत करू नको, पोरी. दिसणारं कुणीही करतं. आपण ओळखले जातो ते न दिसणाऱ्यावर."

ते गेल्यावर तिने मागच्या कपाटातून होड्यांच्या सीटसाठी ठेवलेला डबा काढला. खारं पाणी, ऊन, मासळीचं रक्त, कशालाही दाद न देणारा तो वरचा थर होता. काचेसारखा वाळतो. गाडीच्या सीटवर कुणी मारत नाही, कारण मग माणूस घसरतो. पण सीटच्या पाठीवर कोण बसणार होतं?

कोपरे आणि खळगे तिसऱ्यांदा भरून, रंगवून तिने तो थर मारला. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक थर हवेच्या पंख्यासमोर वाळवला. शेवटी तिने एक कापडाची चिंधी कोपऱ्यावर ठेवली. चिंधी क्षणभर टिकली आणि सरकत खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली.

"काय करतेस?" चातोने विचारलं.

"बघतेय, काही धरून राहतं का."

"माशी जरी बसली तरी पाय मोडेल तिचा," चातो म्हणाला, आणि या वेळी ती शाबासकीच होती.

शनिवारी सकाळी तिने कागद काढला तेव्हा लाउरो शेजारी होता, म्हणून तिने चेहरा आधीच तयार ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. पाठ जशीच्या तशी होती. दोन्ही कोपऱ्यांत खिडकीचा उजेड चमकत होता. नेरेइदाला एकदम इतकं हलकं वाटलं की ती मोठ्याने हसली. ती जिंकली होती. कशाशी, ते आता विचारायची गरज नव्हती.

६

दोन्या ओब्दुलिया अकराला आल्या. फिकट पिवळा रेशमी ब्लाउज, ओठांवर लाली, हातात तीच चौकोनी पर्स. सीट गाडीत बसवून झाली होती. मास्तर, चातो, लाउरो सगळे फुटपाथवर ओळीने उभे होते. मशीनवरचं कापड मास्तरांनी सकाळीच काढून ठेवलं होतं, तेही नेरेइदाने बघितलं होतं.

बाईंनी पुढच्या बाजूवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "अशीच होती," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्या दिवशी अशीच."

मास्तरांनी छाती जराशी पुढे काढली. "आता मागून बघा."

बाईंचा हात थांबला. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकल्या, सीटच्या पाठीवर तळवा ठेवला. तळवा घसरला. त्यांनी वरचा कोपरा धरून बघितला. बोटं निसटली.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"ते आमच्याकडून, दोन्या. अर्धं काम आम्ही बाहेर सोडत नाही."

"मी नको म्हटलं होतं."

"सगळेच नको म्हणतात!" मास्तर हसले, चातो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या नेरेइदाकडे वळल्या आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ते तिथं ठीक होतं गं. आता धरायला काही राहिलंच नाही."

नेरेइदाला तासभर पुरला असता. खरवडायचा कागद, थोडं स्पिरिट, आणि तो काचेसारखा थर निघाला असता. कोपरे पुन्हा खरखरीत झाले असते. हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, पण तिच्या पाठीमागे तिघे उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे ते उघडं मशीन.

"वीस वर्षं काही होणार नाही त्याला, दोन्या," ती म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मग गाडीत बसल्या, पर्स शेजारी ठेवली, आरसा न बघता गाडी सुरू केली.

"या, मास्तर," एराक्लिओ मास्तर म्हणाले.

नेरेइदाला कळायला वेळ लागला की हे आपल्याला म्हटलं. लाउरोने शीळ घातली. चातोने टाळी वाजवली आणि कमरेत वाकून, राणीला करावा तसा मुजरा केला. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तिने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

गाडी सिग्नलला थांबली होती. सीटची पाठ बुटकी, आणि वाफ दिलेल्या फोमने बाईंना चांगलं उंच उचललेलं. त्यामुळे मागच्या काचेतून त्यांचे खांदे स्पष्ट दिसत होते. भर उन्हात पिवळं रेशीम चमकत होतं.

डाव्या खांद्यावरचं रेशीम आत दबलं. मग उजव्या. दोन्हीकडे चार चार खळगे, बोटाएवढे. कापड गळ्याकडून ताणलं गेलं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. बाई न हलता, मान ताठ ठेवून, अगदी सरळ बसलेल्या होत्या, खुंटीला टांगल्यासारख्या. मग गाडी सावकाश निघाली.

"बघ, बाई कशा ताठ बसल्यात," मास्तर तिच्या शेजारी येऊन अभिमानाने म्हणाले. "सीट अशी पाहिजे."